बीचवर जा, असं मी म्हणालो

मी कराडचा. त्यामुळे भूकंप हा माझा घरचा विषय. लहानपणी कोयनेचे धक्के बसले की मांडणीवरची भांडी खाली आणि आम्ही सगळे समोरच्या मैदानात. इथे अमेरिकेत, कॅरीतल्या मराठी मंडळींच्या पॉटलक जेवणांना मी हे इतक्या वेळा सांगितलंय, की हल्ली मी तोंड उघडलं की लोक आणखी भात वाढून घ्यायला उठतात.

तर त्या शनिवारी दुपारी बातमी आली: कॅरिबियनमधल्या एका बेटाजवळ समुद्रात मोठा भूकंप. आमची लेक मैत्रिणींबरोबर नेमकी त्याच बेटावर गेलेली. फोन लागला.

"बाबा, आय ॲम ओके. पण सगळं हललं! पूलमधलं पाणी बाहेर आलं!"

माझ्यातला कराडकर जागा झाला. "आधी बाहेर पड! बिल्डिंगपासून लांब, मोकळ्या जागेत जाऊन बस."

"इथे मोकळं म्हणजे फक्त बीच आहे."

"मग बीचवर जा!"

आणि फोन कट.

बायको पोळी तव्यावर तशीच टाकून माझ्याकडे बघत होती. "बीचवर? अरे, त्सुनामीची वॉर्निंग आहे! कराडला समुद्र होता का रे?"

नव्हता. पुन्हा फोन लावला, लागेना. मेसेज जाईना. पोळी जळाली, तिकडे कोणी बघितलं नाही.

मग मी पॅन्ट्रीतल्या देव्हाऱ्यापुढे हात जोडले. आजवर तिथे मागणं एकच असायचं, पोरीला माझं ऐकायची बुद्धी दे. मेडिकलला जा म्हटलं, तिने सिरॅमिक्स घेतलं. जॅकेट घाल म्हटलं की हटकून बिनजॅकेटची बाहेर. देवा, म्हटलं, आजचा दिवस तिला तशीच ठेव.

बायको मागून म्हणाली, "माझंही नाव घाल त्यात."

बऱ्याच वेळाने फोन वाजला. मागे वारा, कोंबडे, माणसांचा गलका.

"बाबा, वॉर्निंग कॅन्सल झाली. आम्ही वर डोंगरावर आहोत, हॉटेलवाल्यांनी सगळ्यांना आणलं." मग जरा दबकून, "डोन्ट बी मॅड, पण मी बीचवर नाही गेले."

बाप म्हणून थोडं रागवावं असं मनात आलं. तोंडही उघडलं. शेवटी बायकोनेच फोन घेतला आणि सांगितलं, "बाबा रागावलेले नाहीत. नाक पुसतायत."