खोडदची बाटली

समोर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे न पाहता आधी त्याच्या पोटऱ्यांकडे पाहणारी बाई अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होती, आणि ती माझ्या वाट्याला नणंद म्हणून आली. लग्न होऊन मी जुन्नरला आले, तेव्हा सगळ्यांच्या पाया पडताना बाकीच्या बायका माझे दागिने बघत होत्या आणि वन्सं बघत होत्या मी वाकून उठते कशी. "वहिनी हात न टेकता उठल्या," असं त्यांनी आपल्या भावाला समाधानानं सांगितलं. त्या घरात माझ्याविषयी बोललं गेलेलं ते पहिलं चांगलं वाक्य.

वन्सं मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होत्या. माणसाचे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचे जे आजार असतात, त्यांत शरीरातली कोणती द्रव्यं कमीजास्त होतात हा त्यांचा विषय. पन्नास सालच्या सुमाराला हे जुन्नरात कुणाला समजावून सांगायचं म्हणजे कठीणच होतं. आमचे हे कचेरीत "बहीण डॉक्टर आहे" एवढं सांगून मोकळे व्हायचे, आणि मग लोक खोकला, खरूज, पोटदुखी घेऊन आमच्या दारात यायचे. वन्सं त्यांना प्रांजळपणे सांगायच्या, "मला त्यातलं काही कळत नाही. लघवी असेल तर द्या." तो माणूस दुसऱ्यांदा येत नसे, आणि पहिल्यांदा आला होता हे कबूलही करत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत त्या आमच्याकडे यायच्या त्या ट्रंकभर काचसामान घेऊन. कपडे एका पिशवीत मावत. आमच्या पडवीत फळी टाकून त्यांची प्रयोगशाळा उभी राहायची. मग घरभर औषधी द्रव्यांचा वास, माझ्या चुलीवर उकळणाऱ्या काचेच्या नळ्या, आणि पाटावर एक पितळी यंत्र, ज्याला डोळा लावून त्या तासन्‌तास दोन रंग ताडून बघायच्या. चहा त्या काचेच्या चंचुपात्रातून घेत. एकदा माझे सगळे कप मोकळे असताना पाहुण्यांनाही तसाच दिला, तेव्हापासून ते पाहुणे आमच्याकडे फक्त पाणी पितात, तेही तांब्यातून वरून ओतून. गाळणकागद संपला तेव्हा वन्सं शेजारच्या कागदी चाचांकडे गेल्या. चाचांच्या घराण्यात हातकागद करायचा धंदा, पण आता त्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्यांनी मोठ्या मायेनं चार ताव काढून दिले आणि दुपारी काय लिहिलं ते बघायला आले. पडवीतला प्रकार पाहून ते ओट्यावरच बसले. "बहनजी, हमारे कागज पे बादशाही फर्मान लिखे जाते थे. और आप इसमेंसे ये छानती हैं?" वन्सं म्हणाल्या, "चाचा, फार छान गाळतो हो. मुंबईच्यापेक्षा बरा." चाचांनी थोडा विचार केला आणि आणखी चार ताव आणून दिले.

हे सगळं सांगताना मी हसते, पण तेव्हा मला त्यांचा राग येई. लग्न केलं नाही, मैत्रीण नाही, सण आठवत नाही. मी एकदा विचारलं होतं, "वन्सं, मुंबईला संध्याकाळी तुम्ही बोलता तरी कुणाशी?" त्यांनी खरंच आठवून पाहिलं. म्हणाल्या, "जिन्याखालच्या भैयाशी. दूध नको असेल त्या दिवशी." मला बाईमाणसाचं उगाच वाईट वाटून घेणं जमत नाही. मी त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

आता खोडदचं सांगते. नारायणगावजवळच्या त्या खेड्यात एक धनगराचं घर होतं. मेंढरं मोडून शेतीला लागलेलं. त्यांचा थोरला मुलगा दगडू पंचविशीतला, पोटऱ्या पहिलवानासारख्या, पण खाली बसला की उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत रोवत उभा राहायचा. नारायणगावच्या बाजारात वन्संनी त्याला असं उठताना पाहिलं आणि भाजी तिथंच टाकून त्याच्या मागं गेल्या. पुढं कितीतरी वर्षं त्या खोडदला जात राहिल्या. त्यांचं काम असं: दगडूनं दिवसरात्रीची सगळी लघवी एका बाटलीत साठवायची, आणि ती जुन्नरला आणून वन्संनी तपासायची. धडधाकट स्नायूतून एक द्रव्य ठरल्या मापानं बाहेर पडतं. स्नायू जितका जास्त, तितकं ते जास्त. दगडूचं ते फार कमी होतं. वन्संनी त्याला गव्हाच्या अंकुराचं तेल सुरू केलं, आणि पुढच्या खेपेपासून द्रव्य वाढायला लागलं. बाटली काठोकाठ भरून यायला लागली. वन्संनी मोठी बाटली दिली, तर तीही भरून आली, आणि द्रव्य आणखी वाढलं.

त्या दिवशी वन्संनी मला स्वयंपाकघरातून हाताला धरून ओढत नेलं आणि त्या यंत्राला माझा डोळा लावला. मला दोन केशरी गोल दिसले. "वहिनी, स्नायू परत येतोय. हे कुणालाही जमलेलं नाही. जगात कुणालाही." मला त्यांनी आपणहून हात लावलेला तो पहिलाच. आणि एरवी "असेल, नसेल, बघायला हवं" याखेरीज न बोलणारी ही बाई पुढच्याच मोटारीनं खोडदला जाऊन दगडूच्या आईला सांगून आली, की सुधारतंय. मुंबईत मोठ्या परिषदेपुढं निबंध वाचायचं ठरलं, त्यावर परदेशाचंही बोलणं निघालं. आणि खोडदला दगडूच्या आईनं तितक्याच उत्साहानं मुलगी पाहिली. लग्न ठरलं.

सुपारीच्या आदल्या दिवशी दगडूच्या आईनं आम्हां दोघींना बोलावलं होतं. वन्सं ओट्यावर दगडूशी बोलत होत्या, मी परसात पाय धुवायला गेले. तिथं दगडूचा चुलता शेतातून आला, कोनाड्यातली बाटली उचलली आणि कुडामागं गेला. आतून दगडूची आई ओरडली, "भावजी, काठोकाठ करा बरं, बाई आल्यात!"

मी आडूनपाडून बोलणाऱ्यांतली नाही. तशीच ओल्या पायांनी ओट्यावर गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "वन्सं, ही बाटली एकट्या दगडूची नाही."

दगडूच्या आईला यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. ती म्हणाली, "मग? पावण्याचं भांडं कुनी अर्धं देतं व्हय? पयल्या येळंला तुमी बाटली हातात घेतली आन म्हनाला, 'एवढीच?' मला मेल्यावानी झालं. तवापासनं म्या न्हाई अर्धी जाऊ दिली. मालक, भावजी, घरात आसंल त्यो."

"दर खेपेला?" वन्संनी विचारलं.

"दर खेपंला. आन भरली बाटली बघून तुमी हसायचा वो. येरवी हसत न्हाई तुमी."

वन्सं ओरडतील असं मला वाटलं, निदान मी तरी ओरडले असते. पण त्या म्हणाल्या, "बाई, चूक माझी. मी विचारायला हवं होतं. दगडू सुधारत नाही. मी तुम्हाला जे सांगितलं ते खरं नव्हतं. हे लग्न थांबवा."

"आता? उद्या सुपारी फुटायची हाय!"

"त्याला पुढं चालता येणार नाही. ते त्या मुलीच्या घरी ठाऊक असायला हवं."

दगडूच्या आईचं तोंड बदललं. "सोताचं न्हाई झालं म्हनून माज्या लेकाचं मोडता व्हय?"

मी मध्ये बोलणार होते, पण वन्संनी हातानंच मला थांबवलं. "तसं समजा," त्या म्हणाल्या. "पण थांबवा."

तेवढ्यात दगडू म्हणाला, "आये, गप. त्या पोरीच्या बापाला निरोप धाड." आणि मांड्यांवर हात रोवत उठला नि आत गेला. आम्हांला पाण्याचंही कुणी विचारलं नाही.

परतताना वन्संनी नारायणगावहून मुंबईला तार केली, की निष्कर्ष चुकले, निबंध मागं घेते. तारमास्तरांनी त्यांच्या चेहऱ्याकडं बघून हळूच विचारलं, "घरात कुणी...?" वन्सं म्हणाल्या, "नाही, नाही. सगळे बरे आहेत." परदेशाचं बोलणं पुढं कुणी काढलं नाही. संस्थेत त्यांच्या मागून आलेले पुढं गेले.

मला वाटलं, आता खोडद सुटलं. पण पुढच्या सुट्टीत ट्रंक परत आली. आता त्या पहाटे पोचून, बाटली शेजारी ठेवून, दुसऱ्या सकाळपर्यंत स्वतः अंगणात बाभळीखाली बसून राहायच्या. दगडूची आई त्यांच्याशी एक शब्द बोलत नसे. समोरून जायची, यायची, शेणी थापायची, जशी काही तिथं बाई नाही, बाभळीचं खोडच आहे. जेवायला मी बांधून दिलेली भाकरी. दगडू मात्र शेजारी येऊन बसायचा. "काय बोलता एवढं?" मी विचारलं. "मेंढरांचं," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, मेंढराला अंधारात आपलं कोकरू वासावरून कळतं, माहीत आहे का?" मला माहीत होतं, पण मी नाही म्हटलं. तेलाचा काही उपयोग होत नाही, हे त्यांनी पुराव्यानिशी लिहिलं. त्याची एक प्रत आमच्याकडे आहे. त्यात आम्हांला समजतं ते एवढंच, की ते वन्संनी लिहिलंय.

आधी दगडूचं उठणं थांबलं, मग बसणंही. एका पावसाळ्यात छातीत कफ दाटला आणि तो गेला. त्या दिवाळीला वन्सं आल्या त्या नुसती पिशवी घेऊन. दुसऱ्याच दिवशी खोडदला निघाल्या.

"आता तिथं काय काम?" मी विचारलं. माझा प्रश्न बरोबरच होता.

"काही नाही," म्हणाल्या, आणि गेल्या.

संध्याकाळच्या मोटारीनं परत आल्या, पाय न धुताच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले. बोटांची टोकं लाल झाली होती, एका नखातून रक्त आलं होतं.

"काय झालं?"

"वहिनी, मी बाभळीखाली बसले होते. दगडूच्या आईंनी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. 'फोडा,' म्हणाल्या. दिवसभर आम्ही दोघी शेंगा फोडत होतो."

"आणि बोलल्या काय?"

"म्हणाल्या, तुम्हाला शेंगा फोडता येत नाहीत."

एखाद्या बाईनं मुलगा पहिला आल्याचं सांगावं, तशा त्या सांगत होत्या. मी तेलात हळद कालवली, तर बोटांना लावून घेईनात. तशाच हात मांडीवर घेऊन माझ्या चुलीजवळ बसून राहिल्या, आणि मी भाकऱ्या करत राहिले.