बुऱ्हाणपूर: आतोबांच्या कानाला सोसेल एवढा आवाज

आतेबहीण मयूरीच्या साखरपुड्यात तबला वाजवायचं मी फोनवरच कबूल केलं आणि लगेच तिकीट काढलं. नाशिक रोडहून सकाळची भुसावळमार्गे गाडी धरली की दुपारच्या जेवणाला तुम्ही बुऱ्हाणपुरात. सोबत वाद्य असेल तर खालचाच बर्थ घ्या. डग्गा वर चढवणं हा वेगळाच व्यायाम आहे.

स्टेशनवरून शनवारा भागात आत्याकडे शेअर रिक्षानं गेले. वाटेत हॉर्न, वरातीचा बँड आणि एका मोहल्ल्यातल्या पॉवरलूमची सलग खडखड. दारातच आत्या म्हणाली, "तुझे आतोबा साखरपुड्याला येत नाही म्हणून राहिले."

पोरीचा बाप येणार नाही? मला आधी हसूच आलं. पण आतोबा गंभीर होते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांचे कान मंदावले आहेत.

"हळू बोललेलं पोचत नाही, बेटा. अन् मोठा आवाज आला का कानात खिळा ठोकल्यासारखं होतं. मधलं काही राहिलंच नाही."

श्रवणयंत्र त्यांनी एकदाच लावलं होतं, तेही भर बाजारात. हैराण होऊन परतले आणि ते कपाटात गेलं. त्यात साखरपुड्यासाठी मयूरीच्या भावानं, निखिलनं, डीजे ठरवलेला.

"मी बघते," मी आत्याला सांगितलं. आवाज कुठे दाबायचा आणि कुठे मोकळा सोडायचा, हेच तर मी तबल्याच्या विद्यार्थ्यांना रोज शिकवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातलं यंत्र पर्समध्ये टाकलं आणि आतोबांना कुंडी भंडाऱ्यावर नेलं. जमिनीखालून पाणी आणणारी ही मुघलांच्या काळातली व्यवस्था बघितल्याशिवाय बुऱ्हाणपूर सोडू नका. फक्त खाली जायची लिफ्ट चालू आहे का, ते आधी विचारून घ्या. खाली उतरल्यावर मी यंत्राचा आवाज सगळ्यात कमी केला आणि त्यांच्या कानात बसवलं. लिफ्टची घरघर थांबली. मग फक्त पाणी.

आतोबांनी मान तिरकी केली. "हे टपटप... भिंतीतून गळून राहिलं?"

"हो." मी चार पावलं मागे सरकले आणि कुजबुजले, "आतोबा."

ते वळले. "तू ओरडली नाहीस."

"नाही ओरडले."

संध्याकाळी तापीच्या राजघाटावर गेलो. आरतीच्या घंटा वाजल्या तेव्हा त्यांचा हात कानाकडे गेला, पण यंत्र त्यांनी काढलं नाही. परतताना गरम मावा जलेबी खाल्ली. घरी निखिल वाट बघत होता.

"ताई, डीजे तो बनता है ना! सगळे मित्र येऊन राहिले."

"वाजव की. पण जेवणं झाल्यावर, पप्पा घरी पोचल्यावर. त्याआधी माझा तबला आणि मयूरीचं गाणं."

"पप्पा आएंगे?" त्यानं विचारलं.

"येणार," आतोबाच खोलीतून म्हणाले.

साखरपुड्याला ते पहिल्या रांगेत बसले. अंगठ्या घालून झाल्यावर मयूरीनं माइक घेतला. तो कर्कश शिटी मारू लागला, तसे आतोबा उठले. मला वाटलं, आता हे निघाले. पण ते दाराकडे गेलेच नाहीत. सरळ लेकीजवळ गेले, माइक बंद केला आणि म्हणाले, "आता म्हण."

ती तशीच गायली, तिच्या नाजूक आवाजात. मी डग्ग्यावरचा जोर काढून नुसत्या बोटांनी ठेका धरला. ऐकू यावं म्हणून मागची माणसं खुर्च्या उचलून पुढे आली. पाठीमागे ताटं मांडणारेही थांबले.

"अंतऱ्यात लय चुकली तिची," नंतर आतोबा मला म्हणाले.

"कळलं तुम्हाला?"

"मग! चूकसुद्धा ऐकू आली," असं म्हणून त्यांनी रुमाल काढला.

मी नाशिकला परतले ती दराब्याचे दोन डबे घेऊन. हा रव्याचा हलका गोड पदार्थ जरूर आणा, प्रवासात टिकतो. डबे केव्हाच संपले. परवा आतोबांचा फोन आला. पूर्वी ते इतके ओरडायचे, की मी फोन कानापासून लांब धरायचे. या वेळी त्यांचं बोलणं ऐकायला मला उठून पंखा बंद करावा लागला.