फळ्यांखालून आलेली ओ

बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण पुण्यात घेऊन मी सोलापुरात आले, ते सत्तरच्या दशकात. साध्या शाळेत, साध्या मुलांबरोबर एक बहिरा मुलगा बसवून बघायचा, असं वरून ठरलं होतं. मुख्याध्यापकांच्या कपाळाला पहिल्याच दिवशी आठ्या. "एका पोरासाठी एक बाई? चैन आहे बुवा!" मीही काही कमी नव्हते. "आणि चाळीस पोरांना एक मास्तर, त्याला काय म्हणायचं?" असं तोंडावर विचारून बसले.

मुलगा पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकराचा. घरातला माग चालू आहे की बंद, हे त्याला तळपायांनी कळायचं. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी फळ्यांची. बहिऱ्या मुलाला हाक मारायची म्हणजे जमिनीवर पाय आपटायचा. मी दोनदा आपटायचे, तो वळायचा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर काहीतरी बिनसलं. मी पाय आपटला की तो माझ्याकडे बघायचा आणि लगेच मागच्या कोपऱ्याकडे. तिथे कुणीच नसायचं. तो मात्र त्या रिकाम्या जागेकडे बघून हसायचा आणि स्वतःचा पाय दोनदा आपटायचा. भर उन्हाळी दुपारी हात गार पडावेत, असं ते हसू होतं.

शाळेच्या शिपाईबाई करकंब गावच्या, विधवा. कोपऱ्याच्या बरोबर खाली अडगळीची खोली होती, तिची किल्ली कायम त्यांच्या कमरेला. "तितं एक पोरगी मेल्याली हाय, लई वर्सं झाली," त्यांनी मुलांना सांगितलं. "त्या मुक्याला दिसती ती. खाली कुणी फिरकू नगा." झालं! मुलं त्याच्या शेजारी बसेनात, त्यांच्या आया शाळेत येऊन भांडू लागल्या. मुख्याध्यापकांना निमित्तच हवं होतं. "सोमवारपासून त्याला आणू नका," त्यांनी बापाला सांगितलं. बापाने पोराचं दप्तर उचलून खांद्याला लावलं. बाकीच्या शाळांनी आधीच दारातून परत पाठवलेलं, ही सुटली की पोरगा मागावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारी शाळा सकाळची. सगळे गेल्यावर मी एकटी वर चढले. भूतबित थोतांड आहे, हे ठरवूनच खाली उतरणार होते. चपला काढल्या, कोपऱ्यात उभी राहिले, दोनदा पाय आपटला.

पायाखालून दोन ठोके आले.

पुन्हा आपटला. पुन्हा दोन ठोके, तसेच, तेवढ्याच अंतराने. खोटं कशाला सांगू, देवाचं नावसुद्धा आठवेना.

जिना कशी उतरले कुणास ठाऊक. शिपाईबाई खोलीच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. "नका उगडू बाई, पाया पडते!"

"उघडा म्हणते ना!"

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "माजीच हाय ओ ती. ऐकू येत न्हाय तिला. सांबाळणारी सासू दिवाळीत गेली. कुणापाशी ठिवू? सायबाला कळलं तर नोकरी जाईल की."

आत पाच-सहा वर्षांची पोरगी, मुठीत कडक भाकरीचा तुकडा. छताला भिडलेल्या लाकडी खांबाला गाल लावून, दाराकडे पाठ करून बसलेली. मी पुढे होऊन खांबावर तळहात दोनदा मारला. ती माझ्याकडे वळली नाही. तिने वर छताकडे बघितलं, हसली आणि हातातल्या दगडाने खांब दोनदा ठोकला. मी मारत होते त्या मुलाला हाक, आणि खाली ही रोज ओ देत होती.

सोमवारी शिपाईबाई लेकीला कडेवर घेऊन मुख्याध्यापकांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "भूत म्हंजी हीच, सायेब. मला काडा, पर त्या पोराला काडू नगा." साहेबांनी हजेरीपट पुढे ओढला. मग म्हणाले, "बसवा दोघांना."

वर्गात मी दोनदा पाय आपटला. मुलगा वळला. मुलगी वळली नाही. ती जमिनीवर पालथी पडली, फळीला गाल लावला आणि मुठीने दोनदा ठोकलं. मग खालून ओ यायची वाट बघत तशीच पडून राहिली. सगळा वर्ग चिडीचूप होता, आणि मीही कान देऊन ऐकत होते.