दुसरी फाईल

केजहून जीपनं मी ज्या दूध संघात कामाला जायचो, तिथं शेजारच्या टेबलावर संगणक सांभाळणारा एक माणूस बसायचा. काहीही विचारा, स्वतःचं मत नाही. "इचारून सांगतो" म्हणायचा आणि समोरच्याचा शब्द न् शब्द आणून द्यायचा. त्याचा प्रोग्रामही त्याच्यावरच गेलेला. दुष्काळात संघाचे पाण्याचे टँकर गावोगाव जायचे. तो रोज सकाळी कमांड देऊन टँकरवाल्यांच्या नोंदींचा प्रोग्राम चालवायचा आणि प्रोग्राम जे सांगेल ते टिपून घ्यायचा. पाणी पोचलेली गावं एका फायलीत, न पोचल्याची कुरकुर दुसरीत. चेअरमनसाहेब पहिलीच मागवायचे, त्यामुळं कागदावर तालुका तुडुंब होता.

माझं गाव त्या कागदावर कधीच दिसेना. विचारलं तर म्हणाला, "हाय की, दुसऱ्या फायलीत."

वार्षिक सभेच्या सकाळी त्यानं कमांडमध्ये एवढासा बदल करून दोन्ही फायलींतली उत्तरं एकाच कागदावर घेतली. साहेबांना आधी वाचायची सवय नव्हती. माइकवर ठणठणीत वाचत गेले. चौथी ओळ माझ्या गावाची होती: पंधरा दिवस टँकर नाही. तीही वाचली आणि मग थांबले.

"हे कुणी लिहिलं बे?"

"लिवलं न्हाई, साहेब," तो म्हणाला. "आज निस्तं समदं ऐकून घेतलं."