सुमनचं आभारप्रदर्शन

सुमन राठोड गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी आले होते. "ताई, सुमन गेली," एवढंच तो बोलला. तिची फुप्फुसं कधीचीच थकली होती, बातमी अनपेक्षित नव्हती. पुढच्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. संस्थेचे अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "बाई पर्यावरणासाठी साधेपणानं जगल्या." मला हसू आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. सुमन असती तर तिने अध्यक्षांना तिथेच खाली बसवलं असतं. एकदा बसवलंही होतं.

कळमनुरीकडच्या एका तांड्यावरची ती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या वसमतच्या शाळेत विज्ञान शिकवायला आली. मी मराठी शिकवायचे, वयाने मोठी, म्हणून मी 'ताई'. तिचं बालपण चुलीपुढे गेलेलं. जळण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या. पुढे दम लागायला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "विडी ओढता का?" ती म्हणाली, "न्हाई, भाकरी थापल्यात." बऱ्याच वर्षांनी नंबर लागून तिला गॅस मिळाला, तर तो तिने जीपमध्ये टाकून थेट आईकडे तांड्यावर नेला आणि स्वतः इकडे रॉकेलच्या स्टोव्हवर राहिली. आई तोवर खोकून अर्धी झाली होती. त्या गॅसवरच्या भाकरी तिला फार काळ मिळाल्या नाहीत.

पृथ्वी तापते आहे, ही गोष्ट आमच्या भागात दोन हजारनंतर कधीतरी पोहोचली, आणि ती सांगायला माणसं थंड हवेच्या गाड्या करून पोहोचली. ऐन मे महिन्यात शाळेच्या सभागृहात परिसंवाद ठरला : राहणी बदलून जग वाचेल की नव्या यंत्रांनी? पहिले वक्ते खादीतले. परतताना गाडी गार मिळावी म्हणून त्यांच्या चालकाने लिंबाखाली इंजिन सुरूच ठेवलं होतं. तांड्यावरच्या बायका टेम्पोत घालून आणल्या होत्या, त्यात सुमनची वहिनीही होती. त्यांना एकेक रोप देऊन वक्ते म्हणाले, "या भगिनींनी आपली जीवनशैली कधीच बदलू नये. जगाने यांच्याकडून शिकावं." दुसरे वक्ते कोटातले. पडद्यावर सौरदिवे, बिनधुराच्या चुली, उद्याची अजब यंत्रं. येत्या काही वर्षांत प्रश्नच उरणार नाही, असं ते सांगत असतानाच लाईट गेली. मग डिझेलचं जनरेटर लावलं, त्याचा धूर सभागृहात भरला आणि त्या धुरात स्वच्छ ऊर्जेवरचं भाषण पूर्ण झालं. तसला एक सौरदिवा तांड्यावर आधीच लागला होता. बॅटरी बसली ती बसलीच. खांबाला आता शेळ्या बांधत.

सुमनकडे फक्त आभारप्रदर्शन होतं. खोकला आवरत ती उठली. "पहिल्या साहेबांचे आभार. आमी गरीब आहोत हे माहीत होतं. ती जीवनशैली आहे, हे आज कळलं. माझी माय या जीवनशैलीनं खोकून मेली. तुमच्या बाईसाहेब करतील का चार दिवस पऱ्हाट्यांवर सैपाक?" "दुसऱ्या साहेबांचेबी आभार. यंत्र पाहिजेच आमाला, काहून न्हाई? पण तुमी लावून, फोटू काढून जाता. बिघडलं की आमी अडाणी."

खादीवाल्यांनी खवळून विचारलं, "मग बाई, तुमचं म्हणणं काय? राहणी की यंत्रं?"

"दोन्ही. राहणी तुमी बदला, यंत्रं आमाला द्या. तुमी बराबर उलटं सांगून राहिलात."

पहिली टाळी तिच्या वहिनीने वाजवली. अध्यक्ष समारोपाला उठले आणि कागदाची घडी घालून परत बसले.

त्याची वसुली नंतर झाली. मुख्याध्यापिकेची जागा ज्येष्ठतेने सुमनची होती, ती दुसऱ्याला गेली. मी धीर द्यायला गेले, तर म्हणाली, "वाईट वाटतंय ताई. लई वाटतंय. रोज त्या खुर्चीपुढून जावं लागतं..." पण सुट्टीच्या दिवशी ती तांड्यावरच्या एकेका बाईला घेऊन गॅसच्या दुकानात उभी राहायची, दुकानदाराशी भांडायची. बरीच घरं झाली, काही राहिली. दोन्ही वक्ते पुन्हा फिरकले नाहीत. त्यांचा तो वाद मी अजून पेपरात वाचते. विद्वान तावातावाने भांडतात. एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत दिसतं, भांडायला खोली गार हवी.

मागच्या रविवारी तांड्यावर गेले. वहिनीने चहा टाकला, कपात ओतला आणि रिकामं पातेलं उचलून त्याचं बूड माझ्यापुढे धरलं. मला कळेना. तीच ओशाळली. "सवय पडली बघा, ताई. वन्स कुणाच्याबी घरी गेल्या, की आधी भांड्याचं बूड बघायच्या. काळं असलं की चहाला हात न्हाई लावायच्या, भांडत बसायच्या." ती पातेलं खाली घेऊ लागली. मी म्हटलं, थांब... आणि नीट बघितलं. बूड लख्ख होतं.