न्हाणीतल्या माश्या आणि सासऱ्यांचं पोट

आमच्या प्रकाशा गावच्या घरात दार लावून बसता येईल अशी जागा एकच, मागची न्हाणी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ काढत असे. देवघरात मन लागायचं नाही तेवढं तिथे लागायचं. त्यामुळे मोरीच्या भिंतीवरच्या केसाळ माश्या माझ्या चांगल्या ओळखीच्या झाल्या होत्या.

एका उन्हाळ्यात तापाची साथ आली. सरकारी माणूस चावडीवर सांगून गेला की बारीक केसाळ माशी चावली की ताप येतो. सासरे ऐकून आले ते थेट न्हाणी पाडायला निघाले.

"बाया नदीवर जातीन!"

नदीवर म्हणजे यात्रेकरूंच्या गर्दीत, ओल्या लुगड्यात.

चावणारी माशी ती नव्हेच. मोरीतली रुंद, पंख छपरासारखे पसरून गप्प बसते. बोटाने दाबली की राखेसारखी पूड होते. तिच्यातही दोन जाती. एकीच्या पंखांच्या कडेला पांढरे ठिपके, दुसरी नुसती राखाडी. चावते ती यांची चुलत बहीण. ती गोठ्याच्या भेगांत राहते. अंगाने बारीक, पाय लांब, पंख वर उभारलेले, आणि उडते कसली, टुणटुण उड्या मारते. सासऱ्यांची खाट नेमकी तिच्याच शेजारी.

पण सून सासऱ्यांशी बोलत नसे. काही सांगायचं तर म्हशीला सांगायचं आणि त्यांनी ते ऐकायचं. मी पदर ओढून म्हशीपुढे उभी राहिले.

"माय वं, मोरीमातल्या चावत नहीत. तुन्हा गोठामातल्या चावतस."

सासरेही म्हशीलाच म्हणाले, "तिले सांग, दखाड मंग!" आणि बंडी वर करून खाटेवर आडवे झाले.

सासूबाईंनी मोरीतल्या माश्या वाटीत पकडून वाटी त्यांच्या पोटावर पालथी घातली. बराच वेळ गेला. पोट हलायला लागलं.

"गुदगुल्या व्हई ऱ्हायन्यात," सासरे म्हणाले.

मग गोठ्यातल्या माश्यांची वाटी. दिवेलागण होत आली होती. एकाएकी "आय माय वं!" करून ते उठले, वाटी गडगडत म्हशीच्या पायाशी गेली, पोटावर लाल गांधी उठल्या.

"पटनं का?" सासूबाई म्हणाल्या. "का आखो एक वाटी आनू?"

न्हाणी वाचली. पण सासऱ्यांनी पोट खाजवत त्याच संध्याकाळी खाट उचलली आणि न चावणाऱ्या माश्यांच्या शेजारी, म्हणजे न्हाणीच्या दाराशीच टाकली. सकाळी मी आत, न्हाऊन झालेली, केस ओले, आणि दाराबाहेर ते घोरतायत. मी खोकले. बादली आपटली. ते उठेनात, आणि ओल्या केसांनी त्यांच्यासमोरून जायची सोय नव्हती. ते उठून शेतात जाईपर्यंत मी भिंतीवरच्या ठिपकेवाल्या बघत बसले, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून, न्हाणीच्या आत ऐकू जाईल असं ओरडत होत्या,

"मरनी का काय वं मझार?"