मदरचे ‘काहून’

आमच्या घरात माझ्याआधी कोणी लेखणी धरली नव्हती. तेव्हा मदर क्लारांवर मी लिहावे, हे जरा जास्तच आहे, क्षमा असावी. पण ज्यांनी लिहायला हवे होते, ते प्रतिष्ठित लोक गप्प बसण्यात फार पटाईत.

मदर अमरावतीच्या मठाच्या प्रमुख. परदेशातून आलेल्या त्या मराठी शिकल्या भाजीबाजारात, माझ्या आईसारख्या अकोल्याकडच्या माळणींकडून. त्यामुळे चर्चचा कारभार पाहणाऱ्या सत्तरीच्या पंचालाही “काहून बे?” विचारत. त्यांची भाषा सुधारायला मला नेमले. मीही माळ्याचाच, पण कॉलेजात जाऊन आपली बोली लपवायला शिकलो होतो. ‘काहून’ नव्हे, ‘का’ म्हणावे, असे मी सुचवले.

“‘का’ म्हटलं का लोक हासून सोडून देतात,” त्या म्हणाल्या. “काहूनले उत्तर द्या लागते.”

मठात येताच त्यांनी सिस्टरांच्या जाड गाद्या काढल्या, स्वतः अनवाणी राहू लागल्या. तिथवर पंचांनी कौतुक केले; गाद्या त्यांच्या नव्हत्या. मग मदरना चर्चच्या व्हरांड्यातले दोन माठ दिसले. एक जुन्या ख्रिस्ती घराण्यांचा, दुसरा महारवाड्यातून आलेल्यांचा. एकाच तबकातला प्रसाद जिभेवर घेणाऱ्या या भक्तांना पाण्याने मात्र विटाळ होई.

मदरनी पंचांना पत्र म्हणून मला एकच ओळ लिहायला सांगितली: दोन माठ काहून? मी ती सुधारली. ‘माठांच्या व्यवस्थेचा सवडीने विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ त्यांना आमची लिपी वाचता येत नसे. विश्वासाने सही केली.

पंचांना सवड मिळाली. मदरची प्रकृती नाजूक असून चिखलदऱ्याची हवा मानवेल, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. बदलीचा हुकूम आला, तेव्हा मदरनी पंचांना पाठवलेल्या त्या विनंतीची नक्कल माझ्याकडून वाचून घेतली. मी लिहिले होते तसेच वाचले.

“तू तं माह्या काहूनलेच टोपी घातली, बाप्पा,” त्या म्हणाल्या. मग कागदाची घडी घालत म्हणाल्या, “पापी नाही तू. भेकड हायेस.”

वर्षभरात त्या चिखलदऱ्याला तापाने गेल्या. पंच शोकसभेत रडले म्हणे. रडायला त्यांचे काय जाते?

परवा सुट्टीत मी गावी असताना आई अमरावतीच्या बाजारातून परतली. चर्चच्या फाटकाशी मदरच्या नावाने पाणपोई उघडली, असे तिने सांगितले.

“पाटीवर काय लिवलं ते मले नाही समजलं,” ती म्हणाली. “पण माठ पाह्यले. दोन हायेत.”